काचणारा पट्टा : ब्रेसियरचे माप, आधार आणि वेदना यांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

शरीरावर सर्वांत अधिक वेळ आणि सर्वांत घट्ट बसणारे वस्त्र कोणते, असा प्रश्न केला तर बहुसंख्य नागर स्त्रियांच्या बाबतीत ब्रेसियर हेच उत्तर द्यावे लागेल. असे असूनही या वस्त्राचा विचार संकोचामुळे बहुधा दुकानाच्या फळीवरच सुरू होतो आणि तेथेच संपतो. ज्या स्त्रीला त्याचा त्रास होतो ती तो मुकाट्याने सोसते. सायंकाळी घरी परतल्यावर प्रथम हूक काढते आणि बरगड्यांवर उठलेले वळ चोळीत बसते. हा त्रास क्षुल्लक नव्हे. त्याच्यापायी व्यायाम टाळला जातो, दीर्घ श्वास घेणे टाळले जाते. क्वचित एखादा खरा रोगही ‘पट्टा काचतो’ या शब्दांखाली वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

या वेदनेसाठी मराठीत एकच शब्द नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पट्टा काचतो, रुततो, टोचतो, घासतो. त्याच्याखाली आग होते, खाज सुटते, किंवा बरगडीत ठसठसते. बोलण्याच्या ओघात ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरली जातात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक क्रियापद वेगळ्या कारणाकडे बोट दाखविते. काचणे हे ताणाचे लक्षण आहे, टोचणे तारेचे किंवा हुकाचे, घासणे बहुधा सैलपणाचे. आग आणि खाज यांचे मूळ कातडीत किंवा मज्जातंतूत असते, आणि ठसठस हाडात किंवा कूर्चेत. कारणे भिन्न असल्यामुळे उपायही भिन्न, किंबहुना काही वेळा परस्परविरुद्ध, असतात. ‘एक माप मोठे घ्या’ हा सरसकट सल्ला कित्येकदा निष्फळ का ठरतो, याचे उत्तर येथेच आहे. प्रस्तुत लेखात प्रथम पट्ट्याचे कार्य, नंतर त्याच्या दोषांची कारणे आणि शेवटी निवडीचा क्रम असे विवेचन केले आहे.

२. पट्ट्याचे कार्य

स्तनाच्या अंतर्भागात हाड नाही आणि स्नायूही नाही. कातडी आणि आतील तंतुमय पडदे एवढाच त्याचा नैसर्गिक आधार. हे पडदे इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांचा स्तनरचनेवरील ग्रंथ १८४० साली प्रसिद्ध झाला. हा आधार दुबळा असल्यामुळे चालताना व धावताना स्तनांची हालचाल होते, आणि भार अधिक असेल तर ती त्रासदायक वाटते. ब्रेसियरने करावयाचे काम एवढेच की हा भार धडाच्या मजबूत भागाकडे पोचवावा.

भार पोचविण्याच्या वाटा दोन आहेत. एक खांद्यांवरून जाणाऱ्या बंदांची आणि दुसरी छातीभोवतीच्या पट्ट्याची. खांद्याचा बंद अरुंद असतो आणि तो मानेजवळच्या स्नायूंवर ओढ घेतो. म्हणून शक्य तेवढा भार पट्ट्याने उचलावा, असा शिवणकामाचा संकेत आहे. तो योग्यच आहे. परंतु ‘भार पट्ट्याने उचलावा’ या विधानावरून ‘पट्टा करकचून असावा’ असे अनुमान काढले जाते, ते मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

पट्टा वर कशाने टिकतो? त्याला खालून काही टेकू नसतो. कातडी आणि कापड यांमधील घर्षणच त्याला धरून ठेवते. घर्षण हे पट्टा अंगावर ज्या जोराने दाबला जातो त्यावर अवलंबून असते, आणि हा जोर पट्ट्याच्या ताणावर. येथे भूमितीचा एक सुंदर नियम उपयोगी पडतो. कोणत्याही बहिर्वक्र आकाराभोवती समान ताणाने बांधलेल्या वळ्याचा एकूण आतील जोर हा ताणाच्या २π पट, म्हणजे सुमारे ६·२८ पट असतो. मग तो आकार वर्तुळ असो की छातीसारखा चपटा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन्ही स्तनांचे मिळून वस्तुमान १ किलोग्रॅम, म्हणजे भार सुमारे १० न्यूटन मानला, आणि कातडी व सुती कापड यांचा घर्षणांक ०·४ धरला. सर्व भार पट्ट्यानेच उचलावयाचा झाल्यास आतील एकूण जोर २५ न्यूटन लागेल आणि त्यासाठी ताण लागेल अवघा ४ न्यूटन. हा जवळजवळ ४०० ग्रॅमचे वजन टांगल्याएवढा ताण झाला. भाराचा अर्धा भाग बंदांनी घेतला तर २ न्यूटनही पुरतील. चालण्या-धावण्यात भार क्षणोक्षणी बदलतो आणि पट्टा सर्वत्र सारख्या ताणाने बसत नाही, म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा काहीसा अधिक ताण ठेवावा लागतो, हे खरे. तथापि या हिशेबातून मुख्य गोष्ट स्पष्ट होते. आधारासाठी लागणारा ताण मर्यादित आहे. त्या मर्यादेपलीकडे पट्टा आवळत गेल्यास आधार वाढत नाही. वाढते ती केवळ वेदना.

३. ताण सारखा, दाब निराळा

पट्ट्याचा ताण सर्वत्र सारखा मानला तरी कातडीवरील दाब सर्वत्र सारखा नसतो. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संबंधानुसार ताणलेल्या पट्टीखालील दाब हा ताणाच्या सम प्रमाणात आणि वक्रतात्रिज्या व पट्टीची रुंदी यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. शरीर जेथे सपाट तेथे दाब कमी. जेथे एकदम वळते तेथे अधिक. छातीचा आडवा छेद हा पुढून-मागून चपटा असतो. म्हणून पाठीवर दाब थोडा आणि बगलेखाली, दोन्ही कुशींशी, अधिक.

वरील उदाहरणातील ४ न्यूटनचा ताण आणि २ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घेतला, व कुशीशी वक्रतात्रिज्या ८ सेंटिमीटर मानली, तर तेथील दाब पाऱ्याच्या सुमारे १९ मिलिमीटरएवढा येतो. पाठीवर, जेथे त्रिज्या २० सेंटिमीटर मानता येईल, तो साडेसात मिलिमीटरच भरतो. आता ताण तोच ठेवून पट्टा ४ सेंटिमीटर रुंद केला तर कुशीवरील दाब निम्मा होतो, आणि आधारात काहीच उणे पडत नाही, कारण एकूण जोर ताणावर अवलंबून आहे, रुंदीवर नाही. रुंद पट्टा सुखद का असतो याचे उत्तर इतके सोपे आहे. अर्थात रुंदी ही कापडाच्या सबंध पृष्ठभागाची हवी. कापड रुंद पण त्याच्या खालच्या कडेला शिवलेले अरुंद इलॅस्टिक मात्र ताठ, अशी रचना असेल तर सर्व ताण त्या दोरीसारख्या कडेवर येतो आणि तीच रुतते. अंगावर सबंध पट्ट्याचा ठसा न उमटता एकच खोल रेघ उमटत असेल, तर दोष मापाचा नसून कडेचा आहे असे समजावे.

कुशीचा हा भाग शरीररचनेच्या दृष्टीनेही नाजूक आहे. बरगड्यांमधून धावणाऱ्या मज्जातंतूंच्या बाजूच्या शाखा बगलेच्या मध्यरेषेच्या आसपासच कातडीकडे बाहेर येतात. नेमक्या त्याच रेषेवर ब्रेसियरची बगल-शिवण असते, तेथून जवळच तारेचे टोक असते, आणि कित्येक कारखाने धुण्याच्या सूचनांची चिठ्ठीही तेथेच शिवतात. अधिक दाब, कठीण वस्तू आणि संवेदनशील मज्जातंतू यांचा हा संगम लक्षात घेतला म्हणजे ‘उजव्या कुशीत टोचते’ ही तक्रार इतकी सर्वसाधारण का आहे, याचे नवल वाटत नाही.

४. श्वास आणि कापडाचा ताठरपणा

छाती हा स्थिर खांब नव्हे. दीर्घ श्वासाबरोबर तिचा घेर निरोगी प्रौढ व्यक्तीत ४–५ सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढतो. पट्टा आवळलेला नसतानाही श्वास घेताना काचत असेल, तर दोष घेराचा नसून कापडाच्या ताठरपणाचा असण्याचा संभव आहे. पुन्हा उदाहरणच घेऊ. एका पट्ट्याला १ सेंटिमीटर ताणण्यास १ न्यूटन लागतो आणि दुसऱ्याला केवळ ०·३ न्यूटन. स्वस्थ बसले असता दोहोंचा ताण ४ न्यूटनच आहे. श्वासाबरोबर घेर ४ सेंटिमीटर वाढला की पहिल्याचा ताण ८ न्यूटन होतो, दुसऱ्याचा ५·२. दोन्ही वस्त्रांवरील मापाचा आकडा एकच. परंतु एक दिवसभर काचते आणि दुसरे विसरायला होते.

वस्त्राच्या इतिहासात या ताठरपणाला मोठे स्थान आहे. न्यू यॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांना ३ नोव्हेंबर १९१४ रोजी ज्या ब्रेसियरचे पेटंट मिळाले ते न ताणणाऱ्या कापडाचे होते. पुढे रबराचे धागे आले, आणि १९५८ साली ड्यूपाँ कंपनीतील रसायनज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा तंतू सिद्ध केला. पट्टा श्वासाबरोबर खऱ्या अर्थाने ताणू लागला तो या धाग्यांमुळे.

महाराष्ट्रातील जुन्या गाठीच्या चोळीशी या बाबतीत तुलना उद्बोधक ठरेल. खणाची चोळी ताणत नाही. श्वासाला वाव देण्याच्या दृष्टीने ती ताठरच म्हणावी लागेल. परंतु ती त्या त्या स्त्रीच्या अंगाला बेतलेली असे, आणि तिचा घेर छातीखाली पुढच्या बाजूस गाठ मारून बांधला जाई. गाठ किती आवळावयाची हे नेसणारी रोज सकाळी स्वतः ठरवी. बाळंतपणात किंवा आजारात ती सैल बांधी. तयार ब्रेसियरला हुकांच्या तीन किंवा चार रांगा असतात. रांगांत साधारणपणे दीड ते दोन सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे त्यांची मुभा ठराविक आणि थोडीच आहे. कापडाने लवचिकता मिळविली, परंतु हाताने गाठ सैल करण्याचे स्वातंत्र्य आकड्यांच्या स्वाधीन झाले. आता या आकड्यांचाच विचार करावयाचा आहे.

५. मापाचा घोळ

कटोरीचे आकारमान अक्षरांनी दाखविण्याची पद्धत अमेरिकेतील एस. एच. कँप कंपनीने १९३२ च्या सुमारास सुरू केली. इंचांच्या पद्धतीत पट्ट्याची मापे दोन-दोन इंचांनी वाढतात (३०, ३२, ३४, ३६), आणि छातीचा पूर्ण घेर व पट्ट्याचे माप यांमधील प्रत्येक इंचाच्या फरकास एक अक्षर : एक इंचास ए, दोनास बी, तिनास सी, चारास डी; ब्रिटिश पद्धतीत पुढे पाचास डीडी आणि सहास ई. युरोपीय मानकात घेर सेंटिमीटरांत ५-५ च्या टप्प्याने मोजतात आणि फरक १२ ते १४ सेंटिमीटर असल्यास ए, पुढे दर २ सेंटिमीटरांस एक अक्षर.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. घोळ होतो तो एका जुन्या रूढीमुळे. कापड ताणत नसे त्या काळी छातीखालच्या घेरात ४ किंवा ५ इंच मिळवून पट्ट्याचे माप काढीत. कापड बदलले, तरी हा बेरजेचा नियम अनेक तक्त्यांत टिकून राहिला. त्याचा परिणाम पाहावा. एका स्त्रीचा छातीखालचा घेर ३० इंच आणि पूर्ण घेर ३६ इंच आहे. जुन्या नियमाने पट्टा ३४, फरक २, म्हणून माप ३४ बी. बेरीज न करता पट्टा ३०, फरक ६, म्हणून ३० ई. एकाच शरीराची ही दोन मापे. ती समान नाहीत. कारण पट्टा एक टप्पा लहान केला की तेच आकारमान राखण्यास कटोरीचे अक्षर एकाने वाढवावे लागते. ३४ बी, ३२ सी आणि ३० डी यांची कटोरी सारख्याच आकारमानाची. म्हणजे ३४ बी ही कटोरी या स्त्रीला लागणाऱ्या ३० ई पेक्षा दोन अक्षरांनी लहान आहे, आणि पट्टा मात्र दोन टप्प्यांनी सैल.

ही केवळ कागदावरची शक्यता नव्हे. पोर्टस्मथ विद्यापीठातील व्हाइट आणि स्कर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टेपने मोजण्याची पारंपरिक पद्धत पट्ट्याचे माप प्रमाणापेक्षा मोठे आणि कटोरीचे लहान दाखविते, असेच आढळले. ऑस्ट्रेलियात वुड, कॅमेरॉन आणि फिट्झगेराल्ड यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ३० तरुण स्त्रियांच्या लहानशा पाहणीत ८० टक्के स्त्रिया चुकीच्या मापाचे ब्रेसियर वापरीत होत्या. त्यांतील बहुतेकींचे लहान होते. पाहणीची संख्या अल्प असल्यामुळे तिच्यावरून सर्वसामान्य सिद्धान्त मांडता येणार नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे.

मात्र येथे एका अतिरेकापासून सावध राहिले पाहिजे. जुना नियम चुकीचा ठरला म्हणून ‘टेपचा आकडा तोच पट्टा’ हा नवा नियम प्रत्येक शरीराला लागू होतो असे नाही. बरगड्यांवर मांसलपणा कमी असलेल्या स्त्रीस उशी नसते. तिला तोच ताण अधिक खुपतो. तिने टेपच्या आकड्याहून एक टप्पा मोठा पट्टा आणि एका अक्षराने लहान कटोरी घेणे सर्वथा शास्त्रशुद्ध आहे. माप हा प्रयोगाचा आरंभबिंदू आहे, निर्णय नव्हे.

६. दोष कटोरीचा, आळ पट्ट्यावर

पट्टा काचतो अशा तक्रारींपैकी कित्येकांचे मूळ पट्ट्यात नसतेच. कटोरी लहान असली की स्तन तिच्यात मावत नाही. तो वस्त्राला पुढे ढकलतो आणि पट्ट्याच्या घेरातील काही इंच पुढच्या बाजूस खेचले जातात. पाठीवर पट्टा मग अकारण ताणला जातो. तार छातीच्या घडीत बसण्याऐवजी स्तनाच्या पेशीजालावर किंवा खाली सरकून बरगडीवर टेकते. स्त्री म्हणते, पट्टा घट्ट आहे. दुकानात तिला मोठा पट्टा दिला जातो. त्याने क्षणभर बरे वाटते. काही दिवसांत मोठा पट्टा पाठीवर वर चढू लागतो, तो सावरण्यास बंद आवळले जातात, खांद्यांवर खाचा पडतात, आणि पुढे पट्टा हालचालीबरोबर घासू लागतो. एका दुखण्याच्या जागी तीन दुखणी येतात.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. ब्रेसियर उलटे फिरवून, कटोऱ्या पाठीवर आणि हूक पुढे येतील असे, छातीखाली नेहमीच्या जागी लावावे व बंद खांद्यांवर न चढविता काही मिनिटे बसावे, दीर्घ श्वास घ्यावेत. कटोऱ्या रिकाम्या असल्यामुळे आता जाणवतो तो निव्वळ पट्टा. या स्थितीत तो सुखद वाटला आणि सुलट घालताच काचू लागला, तर दोष कटोरीचा : पट्टा तोच ठेवून कटोरी वाढवावी. उलट्या स्थितीतही काचला तर दोष खरोखर पट्ट्याचा : घेर, ताठरपणा किंवा रुंदी बदलावी. या परीक्षेला टेप लागत नाही, विक्रेत्याचे मत लागत नाही, आणि ती घरी करता येते.

कटोरीच्या आकारमानाइतकीच तारेची रुंदी महत्त्वाची आहे. स्तनाचा पाया रुंद आणि तार अरुंद असेल तर तिचे टोक स्तनावरच रुतते. तार फार रुंद असेल तर बगलेत मुंढ्याखाली टोचते. मधला जोड छातीच्या हाडावर सपाट टेकला आहे आणि तारेची बाहेरची टोके स्तनाच्या मागे, मोकळ्या जागी संपतात, हे योग्य बसण्याचे चिन्ह होय.

७. घाम, रबर आणि कातडी

आग आणि खाज या तक्रारींचा वर्ग निराळा. ओलसर कातडीवर कापडाचे घर्षण वाढते, म्हणून कोकणपट्टीच्या दमट हवेत किंवा उन्हाळ्यात तोच पट्टा सोलवटून काढतो. घडीत साचलेल्या घामाने घामोळे येते किंवा बुरशीचा संसर्ग होतो. येथे माप बदलून उपयोग नाही. घडी कोरडी ठेवणे, आतून सुती अस्तर असलेले वस्त्र वापरणे आणि भिजलेले वस्त्र वेळीच बदलणे हाच इलाज.

पट्ट्याच्या आकाराचे लालसर चट्टे उठून दिवसेंदिवस टिकत असतील तर स्पर्शजन्य ॲलर्जीचा विचार करावा. रबराच्या प्रक्रियेत वापरले जाणारे थाययुराम आणि मर्कॅप्टोबेंझोथायझोल, हुकांतील निकेल आणि गडद कापडांतील काही रंग ही तिची परिचित कारणे आहेत. धुण्यात क्लोरिनयुक्त द्रव्य वापरल्यास रबरातील काही रसायनांचे अधिक उपद्रवी द्रव्यांत रूपांतर होते, हेही सिद्ध झाले आहे. खूण हुकांपुरतीच असेल तर संशय निकेलवर घ्यावा. सबंध घेरभर असेल तर इलॅस्टिकवर किंवा रंगावर. निश्चिती त्वचारोगतज्ज्ञांच्या पट्टी-चाचणीनेच होते.

८. दोष जेव्हा वस्त्राचा नसतो

सर्व मापे जुळूनही वेदना राहते अशी एक अवस्था उरते, आणि वस्त्रविद्येच्या अभ्यासकाने आपली मर्यादा येथे ओळखली पाहिजे. बरगड्यांच्या कूर्चांचा दाह, खालच्या बरगड्यांचे टोक सरकणे, नागिणीनंतर उरलेली मज्जातंतूंची वेदना, फायब्रोमायाल्जिया, पाठीच्या कण्याची वक्रता, स्तनावरील किंवा छातीवरील शस्त्रक्रिया या सर्वांत साधा कापडाचा स्पर्शही असह्य होऊ शकतो. नागिणीची वेदना तर पट्ट्यासारखीच छातीच्या एका बाजूस वळसा घेते, आणि पुरळ उठण्यापूर्वी काही दिवस ती सुरू झालेली असते. त्या दिवसांत दोष हटकून ब्रेसियरला दिला जाण्याचा संभव आहे. फ्रेंच शल्यविशारद मोंदोर यांनी १९३९ साली वर्णन केलेल्या विकारात छातीच्या वरवरच्या शिरेत गुठळी होऊन कातडीखाली दुखरी दोरी हाताला लागते. घट्ट वस्त्र हे त्याच्या सांगितल्या जाणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

म्हणून काही लक्षणांत दुकान बदलण्यापूर्वी वैद्याकडे जाणे अवश्य ठरते : वस्त्र काढल्यावरही टिकणारी वेदना, एकाच बाजूची नवी वेदना, हाताला लागणारी गाठ, कातडीवर पडलेली खळी, स्तनाग्रातून स्राव, आणि श्रमाबरोबर येणारी किंवा हात, जबडा यांकडे पसरणारी छातीतील कळ असल्यास विनाविलंब. घट्ट पट्ट्याने कर्करोग होतो ही समजूत मात्र निराधार आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने तिचा प्रसार केला. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातील २०१४ च्या अभ्यासात ब्रेसियरचा वापर आणि स्तनाचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. वेदना हे वस्त्र बदलण्यास स्वतःच पुरेसे कारण आहे. तिला भयाची जोड देण्याचे प्रयोजन नाही.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा एक क्रम बसविता येतो. प्रथम वेदनेचे स्थान आणि स्वरूप नोंदवावे : कोठे, केव्हा, वस्त्र काढल्यावर किती वेळाने थांबते. काही मिनिटांत विरणारी फिकट खूण स्वाभाविक होय; तासन् तास राहणारी, हात लावताच दुखणारी खाच स्वाभाविक नव्हे. दुसरी पायरी उलट्या पट्ट्याच्या परीक्षेची. तिच्यात कटोरी दोषी ठरली तर कटोरीच बदलावी. पट्टा दोषी ठरला तर आधी हुकांची वाढीव पट्टी, जिला दुकानांत एक्स्टेंडर म्हणतात, जोडून पाहावी. तिने वेदना थांबली तर घेराचा दोष सिद्ध झाला, आणि पुढील खरेदी एक टप्पा मोठा पट्टा व एक अक्षर लहान कटोरी या मापाने करावी. वाढीव पट्टीनेही थांबली नाही तर ताठरपणा, कड, शिवण आणि तार यांचा क्रमाने विचार करावा.

नव्या वस्त्रात रुंद पट्टा, मऊ व सपाट कड, आणि हाताने ताणले असता सहज येणारे कापड पाहावे. घालून पाहताना केवळ आरशासमोर उभे राहून भागत नाही. खाली बसावे, वाकावे, हात वर करावेत, दीर्घ श्वास घ्यावा. बसल्यावर बरगड्यांचा खालचा घेर वाढतो आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. नवा पट्टा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल, हुकावर बसावा. धुण्याने कापड ढिले पडत जाईल तसे आतले हूक वापरता येतात. मासिक चक्राबरोबर स्तनांचे आकारमान बदलते. म्हणून ज्या दिवसांत ते वाढते त्या दिवसांसाठी अधिक सैल असे दुसरे वस्त्र जवळ ठेवणे हा लहरीपणा नसून व्यवहार आहे.

बरगड्याच हळव्या असतील तर भाराची वाट बदलावी लागते. भार नाहीसा होत नाही. तो केवळ स्थलांतर करतो, हे येथे विसरू नये. रुंद व मऊ बंद घेतल्यास खांदे अधिक वाटा उचलू शकतात, परंतु मान दुखणाऱ्या स्त्रीस ही वाट बंद आहे. कमरेपर्यंत येणारी लांब पट्ट्याची रचना दाब मोठ्या पृष्ठभागावर पसरविते. खालच्या बरगड्या दुखऱ्या असतील तर मात्र तीच त्रासदायक ठरते. अंगालगत बसणारी, आतून आधाराचा पदर शिवलेली बनियनसारखी वस्त्रे भार सबंध धडावर वाटतात. त्यांचा आधार कमी, पण कोठेही रेघ उमटत नाही. यांपैकी कोणतीही रचना सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. ज्या जागी दुखते त्या जागेवरून भार काढून जी जागा तो सोसू शकेल तेथे नेणारी रचना त्या स्त्रीपुरती श्रेष्ठ. घरी असताना काही तास, किंवा आजारपणात काही आठवडे, हे वस्त्र मुळीच न घालणे हाही त्यांपैकीच एक पर्याय आहे.

१०. समारोप

काचणारा पट्टा हा एका कारणाचा नव्हे तर अनेक कारणांचा सामायिक परिणाम आहे. घेर, रुंदी, ताठरपणा, कटोरीचे आकारमान, तारेचा आकार, कातडीची अवस्था आणि शरीराची प्रकृती या सात गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय त्यावर उपाय सापडत नाही. यांपैकी तयार वस्त्रावरील चिठ्ठी केवळ दोनच गोष्टी सांगते. पट्ट्याचा ताठरपणा, म्हणजे तो किती ताणास किती वाढतो, हा आकडा कोणत्याही साध्या ताणयंत्रावर मोजता येतो, आणि वापरणारीच्या दृष्टीने तो घेराइतकाच महत्त्वाचा आहे. भिन्न कापडांच्या पट्ट्यांचा ताठरपणा नवा असताना व ठराविक धुण्यांनंतर मोजणे, आणि तो वापरणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवाशी ताडून पाहणे, हे पदव्युत्तर प्रबंधास सर्वस्वी योग्य असे काम आहे. अशा नोंदींत ‘दुखते का?’ एवढा एकच प्रश्न विचारून थांबू नये. काचते, रुतते, टोचते, घासते की ठसठसते, हेही स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावे. निदानाचा अर्धा भाग त्या क्रियापदातच असतो.